मी राईट बॅक झालो ते वर्ष

मी गोलकीपर. शाळेत असल्यापासून. डोंबिवलीच्या मानपाड्यात, आमच्या विहारामागच्या मोकळ्या जागेत आम्ही खेळायचो. तिथे मी सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत हळू, म्हणून मला मागे उभं केलं. दोन विटा म्हणजे गोल. मला ते आवडलं, हे इतरांच्या उशिरा लक्षात आलं.

ताईंनी मला पहिल्यांदा बघितलं ते शाळा-शाळांच्या स्पर्धेत. आम्ही भरपूर गोल खाऊन हरलेलो. मी पोस्टला टेकून बसलेलो, तर एक बाई आल्या, गळ्यात शिट्टी, डोक्याला टोपी. म्हणाल्या, "एवढे गोल खाल्लेस, पण एकदाही डोळे मिटले नाहीस. ठाण्याला, वर्तकनगरला ये माझ्याकडे." त्या स्वतः एकेकाळी राज्याच्या महिला संघात खेळलेल्या. आता शाळेत पीटी शिकवायच्या आणि वसाहतीच्या मैदानावर क्लब चालवायच्या. पप्पा रंगाच्या कंपनीत कामाला. ते म्हणाले, "मॅडम, मानपाड्याहून वर्तकनगर? रोज?"

"काका, लोक नोकरीसाठी याच्यापेक्षा लांब जातात. हा तर खेळायला येतोय."

पप्पा हसले आणि विषय संपला. पुढची कितीतरी वर्षं मी त्या मैदानावर वाढलो. मैदान म्हणजे लाल माती, एका बाजूला पत्र्याची शेड, दुसऱ्या बाजूला वसाहतीच्या बिल्डिंगींच्या गॅलऱ्या. बॉल पहिल्या मजल्यावर गेला की तिथल्या आजी तो परत टाकायच्या, पण आधी दोन शब्द ऐकवून. क्लब राज्याच्या लीगमध्ये खेळायचा. कोणी कुरिअरवाला, कोणी कॉलेजात, कोणी बँकेत. राईट बॅक, म्हणजे बचावात उजवीकडे खेळणारा, होता तो खोपटच्या डेपोत एसटीचा कंडक्टर. त्याला आम्ही कंडक्टरच म्हणायचो. आवाज असा, की त्याने हाक मारली की बाजूच्या रस्त्यावरचे रिक्षावालेसुद्धा मागे वळून बघायचे.

मग एका मोसमात आमच्या मॅचला देशाच्या मोठ्या लीगमधल्या एका टीमची माणसं आली, आणि त्यांनी मला उचललं. वसाहतीत पेढे वाटले ते ताईंनी. आई त्या दिवशी त्यांच्या घरी गेलेली. दोघी किचनमध्ये उभ्या राहून रडल्या, असं मला नंतर ताईंच्या सासूबाईंनी सांगितलं.

मोठ्या टीममध्ये मी तिसरा कीपर होतो. तिसरा कीपर म्हणजे ज्याने रोज घाम गाळायचा आणि मॅचच्या दिवशी साधे कपडे घालून स्टँडमध्ये बसायचं. पण मी तक्रार करणार नाही. तिथे जे जेवण मिळालं, जे डॉक्टर मिळाले, जे हिरवं गवत मिळालं, ते माझ्या घरातल्या कोणी बघितलं नव्हतं. आणि तिथले कीपर-कोच, परदेशी माणूस, मोडकं हिंदी बोलणारे, त्यांनी मला पाय दिले. "हाथ बाद में, पहले पाँव," असं म्हणत ते मला सकाळभर नुसते पास द्यायला लावायचे. आजकाल कीपरला पायांनी खेळता यावंच लागतं. मला तेव्हा वाटायचं, हे सगळं शिकून उपयोग काय, मी तर बसलेलोच असतो.

त्याच वर्षी आमचा क्लब पहिल्यांदा राज्याच्या लीगच्या सेमीफायनलला पोचला, आणि नेमका क्लबच्या कीपरचा खांदा निखळला. ताईंनी मोठ्या टीमच्या मॅनेजरला विनंती केली, पोरगं तुमच्याकडे बसूनच आहे, आम्हाला लोनवर द्या. म्हणजे करार त्यांचाच, मी फक्त काही मॅचपुरता इकडे. मॅनेजरने नकार दिला. मला केबिनमध्ये बोलवून त्याने नीट समजावलं. "दुखापत झाली तर? आणि तुमच्याविरुद्ध आमचीच ज्युनिअर टीम आहे. आमचाच कीपर मी समोरच्यांना कसा देऊ?" त्याच्या जागी बसून बघितलं तर त्याचं खोटं नव्हतं. पण मला जायचं होतं, तेही खोटं नव्हतं.

मी ताईंना फोन केला. वाटलं, चिडतील. त्या म्हणाल्या, "नाही म्हणाले का? बरं. तू तुझा सराव चुकवू नकोस. आम्ही बघतो."

आणि त्यांनी कंडक्टरला गोलमध्ये उभं केलं.

ती सेमीफायनल संध्याकाळी व्हायची होती, ठाण्याच्या चांगल्या मैदानावर. पण ते मैदान संध्याकाळी आमच्या मोठ्या टीमला सरावासाठी दिलेलं. म्हणून मॅच सरकवली भर दुपारी. आमची बस मैदानाच्या दारात पोचली तेव्हा मॅच बरोबरीत संपून पेनल्टी चालू होत्या. आम्ही एसी बसमधून उतरलो, स्वच्छ ट्रॅकसूटमध्ये, आणि समोर माझी माणसं, उन्हाने काळवंडलेली, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून मधल्या रेषेवर उभी. क्लबच्या कॅप्टनने मला बघितलं. हा सेंटर बॅक, माझा जुना दोस्त. त्याने नजर फिरवली.

कंडक्टरने एक पेनल्टी नडगीने अडवली. उडी चुकीच्या बाजूला गेलेली, पाय मागे राहिला आणि बॉल त्यालाच लागला. तो उठून ओरडला, "चला, पुढचा!" आमच्या बसचा ड्रायव्हरसुद्धा टाळ्या वाजवायला लागला. तरी क्लब हरला. शेवटची पेनल्टी मारणारा कुरिअरवाला मातीत बसून राहिला. तेवढ्यात मैदानाचा माणूस घाई करायला लागला, "रिकामं करा, मोठ्या टीमचा टाइम झालाय."

ताई जाळीपाशी आल्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे पाणी असेल ना? आमचं संपलंय." मी काही म्हणायच्या आत कीपर-कोचनी बसमधून पाण्याचा अख्खा बॉक्स काढून माझ्या हातात दिला आणि दुसरा स्वतः उचलला. आम्ही दोघांनी ते मैदानात नेले. सगळ्यांनी पाणी घेतलं आणि पाठ फिरवली. कंडक्टर तेवढा म्हणाला, "थंड आहे रे! मोठ्या लोकांचं पाणीपण मोठं असतं." आणि मला डोळा मारला.

पुढचा मोसम आला तेव्हा मोठी लीग सुरूच झाली नाही. वर कोणाकोणात काय करार अडकले, कोर्टात काय झालं, ते आम्हाला पेपरातूनच कळायचं. आमच्या मोबाइलवर एवढाच मेसेज आला की थांबा, कळवू. थांबता थांबता माझा करार संपला. टीमने दिलेला खाडीपलीकडचा फ्लॅट सोडला आणि बॅग घेऊन मानपाड्याला घरी आलो.

पप्पा सकाळी माझ्यासोबत चहा मिळतो म्हणून खूश दिसायचे. आई मात्र आठवडाभर बघत राहिली आणि एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "एवढी उंची घेऊन घरात किती फिरशील? पंख्याला लागशील एक दिवस. जा ना ताईंकडे."

"कोणत्या तोंडाने जाऊ गं?"

"ज्या तोंडाने जेवतोस त्याच तोंडाने."

गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये सगळे बूट बांधत होते. कॅप्टन माझ्याकडे न बघता म्हणाला, "का? लीग बंद पडली म्हणून आमची आठवण आली काय?"

बाकीच्यांचे हात नाड्यांवरच थांबले. तो म्हणत होता ते खरंच होतं. लीग चालू असती तर मी तिथे नसतो.

ताई मागून आल्या. "बूट आणलेत का?" त्यांनी मला विचारलं. मी मान डोलावली. मग कॅप्टनकडे वळून म्हणाल्या, "मुलगी सासरी अडचणीत आली तर माहेरचं दार कोणी लावून घेतं का रे? चल, वॉर्म-अप घे." कॅप्टन उठला. पण ताईंचं बोलणं संपलं नव्हतं. मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "एक गोष्ट आत्ताच सांगते. गोल कंडक्टरचा आहे. कीपरचा खांदा कायमचा गेला, कोणी नव्हतं, तेव्हा तो उभा राहिला. तो स्वतःहून सोडेपर्यंत मी त्याला हलवणार नाही."

"चालेल," मी म्हणालो. कंडक्टर गोल सोडेल अशी चिन्हं नव्हतीच. त्याने नवे ग्लोव्हज घेतलेले, आणि बचावातल्या सगळ्यांना तो एसटीतल्या प्रवाशांसारखा हाकायचा, "पुढे सरका, पुढे सरका, मध्ये जागा आहे!" तो फार खूश होता तिथे.

"मग तू काय करशील?" ताईंनी विचारलं. "राईट बॅकची जागा रिकामी आहे. त्याचीच."

मी हसलो. त्या हसत नव्हत्या.

पहिल्याच दिवशी उजवीकडून क्रॉस आला आणि मी तो सरळ हवेत उडी मारून दोन्ही हातांनी पकडला. सवय. सगळं मैदान थांबलं. कंडक्टर मागून गरजला, "अरे, हात खाली! माझ्या गाडीत हात बाहेर काढायचे नाहीत!" वरच्या गॅलरीतल्या आजीसुद्धा हसल्या. कॅप्टनसुद्धा. त्याने लगेच चेहरा सरळ केला, पण मी बघितलेलं.

हळूहळू जमायला लागलं. धावायला मी हळूच होतो, पण गोलच्या आतून इतकी वर्षं खेळ बघितलेला, त्यामुळे बॉल कुठे येणार ते थोडं आधी कळायचं. आणि त्या परदेशी कोचनी घोटवून घेतलेले पास आता कामाला येत होते. सरावानंतर मी आणि कंडक्टर मागे थांबायचो. मी त्याला पडायचं कसं ते शिकवायचो, तो मला कडेने अंगावर येणाऱ्या विंगरला बाहेर कसं ढकलायचं ते. दोघेही आपापली जुनी जागा दुसऱ्याच्या हातात देत होतो, आणि मला त्यात वाईट असं काही वाटत नव्हतं.

मोसमाच्या शेवटी शेवटी आमच्यासमोर आली ती मोठ्या टीमची ज्युनिअर टीम. राज्याची लीग चालूच होती, त्यामुळे ती पोरं खेळत होती. जिंकलो तर आम्ही पुढच्या फेरीत, नाहीतर घरी. स्टँडमध्ये तोच मॅनेजर बसलेला. पप्पा आणि आई पहिल्यांदाच एकत्र आलेले. पप्पांना मी गोलमध्ये दिसेना, तर ते शेजारच्याला विचारत होते, "आमचा मुलगा कुठे आहे हो?"

माझ्या बाजूला जो विंगर होता त्याने पहिल्या हाफमध्ये माझा पार घाम काढला. दुसऱ्या हाफमध्ये तो एकदा सुटलाच. कंडक्टर पुढे धावला, त्याने अंग टाकून शॉट अडवला, बॉल उसळला आणि रिकाम्या गोलकडे निघाला. मी रेषेवर पोचलो होतो. माझे हात वर येत होते, मला ते अजून आठवतं, खांद्यापर्यंत आले होते. मी ते पाठीमागे ओढले आणि छाती पुढे केली. बॉल इतक्या जोरात लागला की श्वास गेला. मी खाली पडलो आणि कंडक्टर माझ्यावर पडला, बॉलला मिठी मारून.

थोड्या वेळाने कॉर्नरवर कॅप्टनने डोक्याने गोल मारला. आम्ही जिंकलो. सगळे नाचत होते, तेव्हा तो माझ्यापाशी आला, छातीवरचा लाल वळ बघितला आणि म्हणाला, "उद्या लवकर ये. तुझा थ्रो-इन भिकार आहे." त्याने मला माफ केलंय की नाही हे मी कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी लवकर गेलो.

पुढच्या फेरीत आम्ही फार लांब गेलो नाही. पण ती फेरी चालू असतानाच मोठी लीग पुन्हा सुरू होणार, छोट्या स्वरूपात का होईना, अशी बातमी आली. मॅनेजरने फोन केला, मला नाही, ताईंना. त्या फोन स्पीकरवर ठेवून बोलल्या, मी समोर बसलेलो.

"तुमचा मुलगा परत हवाय," तो म्हणाला.

"आमच्या उरलेल्या मॅच होऊ देत, मग न्या. आणि तुमच्याकडे बसून राहणार असेल, तेव्हा आम्हाला लोनवर द्यायचा. या वेळी आधीच ठरवू."

तो म्हणाला, "ठीक आहे. तुमच्याकडे राहून तो सुधारलाय, हे मी बघितलंय."

"आणि एक," ताई म्हणाल्या, "ते संध्याकाळचं मैदान. आठवड्यातून एक संध्याकाळ आमच्या पोरांना."

मी डोळे मोठे केले. त्यांनी मला हातानेच गप्प बसवलं. मॅनेजर म्हणाला, विचारून सांगतो. आम्हाला वाटलं, झालं, विसरला. पण त्याने खरंच विचारलं, पाठपुरावा केला, आणि मैदान मिळालं. मोठ्या लीगची आणि आमच्यासारख्या क्लबांची ओढाताण अजून आहे. तारखा अजून सरकतात, आमच्याच सरकतात. पण आमच्यापुरती एक संध्याकाळ तरी आमची झाली.

लोक मला विचारतात, लीग बंद पडली त्यात तुझं वर्ष वाया गेलं ना? मी नाही म्हणतो. ज्या मॅनेजरने मला अडवलं त्यानेच पुढे मैदान दिलं. ज्या कोचच्या पासांना मी कंटाळायचो त्यांच्यामुळेच राईट बॅक होता आलं. ताईंबद्दल तर मी काय बोलणार. त्यांनी मला परत घेतलं, आणि घेताना दुसऱ्या कोणाची जागा काढून मला दिली नाही. यातल्या दुसऱ्या गोष्टीसाठी मी त्यांचा जास्त ऋणी आहे. ते तेव्हा कळलं नव्हतं.

त्या मैदानावरच्या पहिल्या संध्याकाळी मी होतो. दुसऱ्या दिवशी मला मोठ्या टीमकडे जायचं होतं. पोरं गवतावर आली आणि आधी कोणी खेळेचना. कुरिअरवाल्याने बूट काढून अनवाणी एक फेरी मारली. कंडक्टर गोलसमोर आडवा झाला, हातपाय पसरून, ग्लोव्हज पोटावर ठेवून, आणि आकाशाकडे बघत म्हणाला, "हे लोक इथे झोपत नाहीत? मग करतात काय?"

ताईंनी शिट्टी वाजवली. मी हात देऊन त्याला उठवलं, आणि माझ्या जागेवर, उजवीकडे, धावत गेलो.