माझी तब्येत आणि अण्णाचा गडगा

गडगा आपण होऊन सरकत नाही. ही माहिती मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, आमच्या अण्णाकडून, चार माणसांदेखत मिळाली.

अण्णा म्हणजे माझा चुलत भाऊ, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. रत्नागिरीत आमची घरं शेजारीशेजारी आणि मध्ये जांभ्या दगडांचा, नुसता एकावर एक रचलेला, कंबरेएवढा गडगा. (चुना नाही, सिमेंट नाही. दोन भावांमध्ये एवढं पुरतं!) अण्णा-वहिनींना मूलबाळ नव्हतं. आमची नंदा त्यांच्याच ओटीवर वाढली. ती पाळण्यात असतानाच ठरलं होतं, की तिचं कन्यादान अण्णा-वहिनी करणार. वहिनींनी त्या दिवशी नेसायचं जरीचं लुगडं दहा वर्षं आधीच घेऊन ट्रंकेत ठेवलं होतं.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. दिवाळी झाली आणि दापोलीहून माणसं नंदाला बघायला आली. मुलाचे वडील ताठ पाठीचे, पोट सपाट, दंड भरलेले. मी नमस्कार करायला पुढे झालो, तर ते माझ्याच पाया पडायला वाकले!

“अहो, हे काय?”

“मुलीचे आजोबा ना आपण?”

आजोबा! चौकशी केली तेव्हा हे गृहस्थ माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे निघाले. मुलगी पसंत पडली, लग्न वैशाखात ठरलं, सगळे खूश. माझ्या घशाखाली मात्र पोहे उतरेनात. निघताना मी व्याह्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, “हे असं राखलंत कसं?”

“त्यात काय! पन्नाशीनंतर अंगातलं मांस झडायला लागतं. भाताचा डोंगर कमी करा. डाळ, कुळीथ, अंडी, मासळी वाढवा. आणि आठवड्यातून तीनदा काहीतरी जड उचला. हळूहळू वजन वाढवा, घाई नको. आणि हो, लाजू नका.”

यातलं शेवटचं वाक्य मी सोडून दिलं. पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

आहार त्याच संध्याकाळी सुरू केला. “भात नको,” म्हटल्यावर ही वाढता वाढता थांबली.

“ताप आलाय का?”

“नाही.”

“मग कोणाकडे खाऊन आलात?”

रविवारी अण्णाकडे जेवायचा माझा वर्षानुवर्षांचा रिवाज. मी बांगडे तेवढे खाल्ले आणि वहिनींनी वाढलेला भात तसाच ठेवून उठलो. वहिनींनी पान उचललं. अण्णा म्हणाला, “व्याही मिळाले, आता आमचा भात कशाला गोड लागेल!” मला खरं कारण सांगता आलं असतं, पण नाही सांगितलं.

राहिलं जड उचलणं. मी पडलो शाळामास्तर. तालमीत जावं तर तिथे माझेच विद्यार्थी! घरात जड म्हणावा असा एक पाटा, तो हिच्या ताब्यात. उरला गडगा. फटफटताच अण्णा मासळी बघायला बंदरावर जाई. तेवढ्या वेळात मी परसात जाऊन गडग्यावरचा एकेक दगड घेई, दहा वेळा छातीपर्यंत उचली आणि परत जागेवर ठेवी. आठवड्यातून तीनदा सांगितलं होतं, मी रोज सुरू केलं. (आजोबा म्हणाले होते मला!)

आणि काय सांगू, गुण आला! पौषात सदऱ्याची बटणं पोटावर सैल झाली. माघात जिना चढताना धाप लागेना. सहकारी विचारू लागले, “मास्तर, केसांना काही लावता का?” मी वरचे लहान दगड सोडून खालच्या थोरल्या दगडांना हात घातला. शिमगा आला तोवर दहा-बारा हातांचा अख्खा पट्टा पायापासून माझ्या हातांखालून गेला होता.

एक बारीकशी गोष्ट तेवढी माझ्या ध्यानात आली नाही. जड दगड खाली ठेवताना माणूस तो पुढे लोटतो, मागे ओढत नाही. आज चार बोटं, परवा चार बोटं. आणि पुढे होतं अण्णाचं आगर.

एका सकाळी आमच्या ओटीवर शाळेतले चौघे चहाला बसले असताना अण्णा आला.

“बाळ्या, गडगा माझ्या आंब्याच्या कलमाला टेकलाय.”

(एक्कावन्नाव्या वर्षीही अण्णासाठी मी बाळ्याच.)

“गुरांनी ढकलला असेल,” मी म्हणालो.

“गुरांनी ढकललानी तर पडेल. हा तर रचलेला आहे!”

“मग पावसाने आपण होऊन सरकला असेल.”

“शिमग्यात पाऊस? मेल्या, गडगा आपण होऊन सरकतो काय?”

चौघे माझ्याकडे बघत होते. दंड फुगवायला मी चोरून दगड उचलतो, हे यांच्यासमोर सांगू? मी चहात फुंकर घालत बसलो. अण्णा पाठ फिरवून गेला.

“अहो, जाऊन सांगा एकदा,” ही म्हणाली. तिला सगळं ठाऊक होतं. “हसतील आणि विसरतील.”

“उद्या सांगतो.”

असे पुष्कळ उद्या गेले आणि अण्णाने मोजणी आणली. चैत्रातल्या उन्हात साखळी पसरली, आळी गोळा झाली. मोजणीदार म्हणाला, “दीड हात आत आलाय. कोणी हलवला?”

“ह्याने!” अण्णा कडाडला. “गडी लावलेन असणार. ह्याच्या अंगात कुठे ताकद? कळशी उचलताना रडायचा हा!”

आळी खो खो हसली. आणि सहा महिन्यांची माझी तपश्चर्या मस्तकात गेली.

“गडी कशाला? एकेक दगड मी स्वतः हलवलाय! एकट्याने! हे बघ!” असं ओरडून मी बाही वर केली आणि दंड दाखवला.

आयुष्यात एवढी शांतता मी कुठल्या वर्गात मिळवली नव्हती.

“दीड हात जागेसाठी, बाळ्या?” अण्णा हळू आवाजात म्हणाला.

“नाही रे अण्णा, तब्येतीसाठी!”

यावर आळी आणखी हसली. अण्णा हसला नाही. संध्याकाळी निरोप आला, “पोरीचं लग्न नीट कर. आम्ही येणार नाही.” नंदा जाऊन रडली. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण ऐकलं नाही. मी चार वेळा गडग्यापर्यंत जाऊन परत आलो. जीभ उचलेना.

परसातल्या मांडवात कन्यादानाला आम्ही दोघंच बसलो. शेवटच्या मंगलाष्टकाला पाठीमागून माझ्या टाळूवर मूठभर अक्षता पडल्या. वळून पाहिलं. गडग्यापलीकडे अण्णा उभा होता. शेजारी वहिनी, जरीचं लुगडं नेसून.

पंधरा दिवसांनी व्याही आले. हकिगत ऐकून तडक अण्णाच्या ओटीवर गेले. “अहो, यांना जड उचलायला मीच सांगितलं होतं!” अण्णा आधी पोट धरून हसला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तुला चड्डीची नाडी बांधायला मी शिकवलंय रे. माझ्यापुढे लाज कसली?” वहिनींनी मला पानावर बसवून भात वाढला. मी तो सगळा खाल्ला. लुगडं मात्र परत ट्रंकेत गेलं होतं. एकुलत्या एका मुलीचं लग्न पुन्हा कुठून आणणार?

मग अण्णाने आणि मी मिळून गडगा मूळ जागी नेला. आठवड्यातून तीनदा, हळूहळू, घाई न करता. अण्णाची पाठ पंच्याहत्तरीतही ताठ होती.

लग्नाचा फोटो आमच्या ओटीवर आहे. त्यात मी छाती पुढे काढून असा काही उभा आहे, की नवा पाहुणा हमखास विचारतो, “हे नवरीचे थोरले भाऊ का? मग वडील कुठे आहेत?”

मी फोटोच्या कडेला बोट ठेवतो. तिथे गडग्यापलीकडच्या अण्णाचं अर्धंच डोकं फोटोत आलंय.

“वडिलांच्या जागी बसणार होते, ते हे,” मी सांगतो. “त्यांना गडग्यापलीकडे ठेवायला मला सहा महिने रोज व्यायाम करावा लागला!”