अण्णांचा नमुना

फायबरचं टोक पुसायच्या ॲसिटोनचा वास आला की अंबत्तूरच्या कारखान्यातली ती दुपार आठवते. लघवीवरून मूत्रपिंडाचा आजार ओळखणारं आमचं ऑप्टिकल फायबरचं छोटं यंत्र तेव्हा नवंच होतं. कारखान्याच्या वॉचमन अण्णांनी हौसेने नमुना दिला आणि तमिळमध्ये धाकट्या भावाला म्हणतात तशी हाक मारत विचारलं, "काय तंबी, पास की नापास?" यंत्रावरचा आकडा फारच वर गेला होता, म्हणजे आजाराचीच खूण. पण चाचणीतला आकडा कुणालाही सांगायचा नाही, असं माझ्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं. आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, सरांचा शब्द मोडायचं धाडस झालं नाही. "यंत्र अजून कच्चं आहे, अण्णा," मी म्हणालो. "म्हणजे तूच नापास," म्हणत ते हसले. पुढे दवाखान्यात निदान झालं, तोवर त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. यंत्र अचूक असल्याचा पुरावा म्हणून आज मी प्रबंधात त्यांचाच आकडा लिहिला.