दोन हस्ताक्षरांचे फॉर्म

माझ्या पीएचडीच्या गाईडनं मला फसवलं. नांदेडला ज्या कॉलेजात ते कॉमर्स आणि मॅनेजमेंट शिकवतात, त्याच कॉलेजसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दोन वर्षं एसटीनं फिरून मी जे गोळा केलं, ते त्यांनी स्वतःच्या नावावर छापायला दिलं. आणि मी तोंड उघडायच्या आत मलाच खोटारडी ठरवलं.

त्या दिवशी संशोधन समितीपुढं माझा प्रगती अहवाल होता. लांब टेबल, पलीकडं पाच माणसं, प्रत्येकापुढं पाण्याची बाटली. दुकानदारांकडून भरून आणलेले माझे प्रश्नावलीचे फॉर्म टेबलावर मांडलेले. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ मॅडमनी त्यातला एक उचलला, उजेडाकडं धरला.

"एकाच फॉर्मवर दोन हस्ताक्षरं कशी?"

मी सांगायला लागले, तेवढ्यात गाईड सर खुर्चीत मागं रेलून हसले. "मॅडम, यांचं दुकान आहे ना. तिथं फॉर्म भरूनच मिळतात. किती पाहिजेत सांगा, कुठल्या पेननं पाहिजेत सांगा."

सगळे हसले. अध्यक्षही हसले. मॅडमनी फॉर्म खाली ठेवला आणि रुमालाला बोटं पुसली.

"बाई, टायपिंग येणं वेगळं, संशोधन वेगळं," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही जरा बाहेर बसा."

मी बाहेर शिपायाच्या बाकावर जाऊन बसले. ओरडावं वाटत होतं, पण ओरडता येईना. कारण सर बोलले त्यातलं अर्धं खरं होतं.

हो, माझ्या दुकानात फॉर्म भरून मिळायचे. एमबीएचे प्रोजेक्ट, एमफिल, पीएचडी. लोक यायचे, म्हणायचे, "ताई, शंभर फॉर्म करून द्या की, सोमवारी सबमिशन हाय." मी सहा तऱ्हेचे पेन ठेवले होते. डाव्या हातानं लिहायची सवय केली होती. 'सहमत', 'पूर्ण सहमत', आणि खरं वाटावं म्हणून मध्येच एखादा 'असहमत'. थोडे कागद चुरगाळायचे, एखाद्यावर चहाचा थेंब. काउंटरवरून न उठता मी लातूरच्या बँकेचे ग्राहक झाले, भोकरचे शेतकरी झाले, कुठल्या कुठल्या ऑफिसातले समाधानी कर्मचारी झाले. मी रेटवरून भांडायचे. खोटेपणावरून कधी भांडले नाही.

आणि यातले निम्मे लोक सरच पाठवायचे. "आपला विद्यार्थी आहे, सांभाळून घ्या," असा फोन यायचा. मी सांभाळून घ्यायचे.

मी मुदखेडची. दहावी झाल्या झाल्या लग्न. नांदेडला आल्यावर एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि जिन्याखालच्या जागेत दुकान मांडलं. बारावी, बीकॉम, एमकॉम बाहेरून केलं, काउंटरमागं बसून. लोकांचे प्रबंध टाईप करता करता वाचायला लागले, आणि वाचता वाचता राग यायला लागला. एकाच्या प्रबंधात एका पानावर दोनशे दुकानदार होते, पुढच्या पानावर अडीचशे. मी विचारलं तर म्हणाला, "ताई, तुम्ही फक्त टाईप करा." त्याचा रेट मी तिथल्या तिथं वाढवला. पण ते वाक्य मनातून जाईना.

म्हणून एक दिवस सरांना विचारलं, "सर, मी केली पीएचडी तर?"

"का नाही? आमच्या अर्ध्या डिपार्टमेंटची तुम्हीच केली आहे!" सर म्हणाले.

मला तेव्हा ते कौतुक वाटलं.

सौदा असा ठरला: मी प्रवेश परीक्षा पास व्हायचं, सरांनी गाईड व्हायचं, डिपार्टमेंटचं टायपिंग माझ्याकडून फुकट. मी पास झाले. विषयही मीच निवडला. छोट्या दुकानांत कॉम्प्युटरवर बिल करायची, स्टॉक ठेवायची पद्धत आली. ती चालवतं कोण? पुस्तकात लिहिलेलं असतं, छोटा व्यापारी नव्या यंत्राला घाबरतो. मला बघायचं होतं, खरंच घाबरतो का.

एक मात्र मी ठरवलं होतं. या कामात एकही फॉर्म काउंटरवर भरायचा नाही.

उदगीरला एका किराणा दुकानात गेले. मालक गल्ल्यावर, कपाळावर भस्माचे पट्टे, सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. मी विचारलं, "बिलाचं मशीन कोण चालवतं?"

"म्याच की. दुसरं कोन चालवनार?"

आतल्या पडद्यामागून आवाज आला, "पासवर्ड इचारा त्यांला."

अप्पांनी गल्ला उघडला, बंद केला. मग म्हणाले, "पासवर्ड तिच्याकडं असतो. बाकी समदं म्याच."

"बाकी म्हंजे बटन बंद करनं," पडद्यामागून पुन्हा.

गिऱ्हाईक हसलं, अप्पाही हसले. बाई बाहेर आल्या. अक्का म्हणायचे त्यांना. हात पिठाचे होते, ते पदराला पुसले आणि अप्पांनी भरलेला फॉर्म माझ्या हातातून घेतला. तीन उत्तरं खोडली, शेजारी आपल्या अक्षरात लिहिली. "आता घ्या. बोर्डावर त्यांचं नाव हाय, मशीनवर बोटं माझी हायत."

मग मला कळलं काय विचारायचं ते. त्यानंतर प्रत्येक दुकानात, लातूरच्या बियाणांच्या दुकानात, कापडवाल्याकडं, मी गल्ल्यावरच्या माणसाला विचारलं आणि मग आतल्या बाईलाही विचारलं. सून, बायको, कधी म्हातारी आई. फॉर्म मालक भरायचा, दुरुस्त ती करायची. सगळीकडं नाही, पण खूप ठिकाणी. नव्या यंत्राला घाबरणारा माणूस उत्तर देत होता आणि यंत्र चालवणारीला कुणी विचारतच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं खरे फॉर्म होते. खाडाखोडीचे, पिठाचे, दोन-दोन हस्ताक्षरांचे.

सर म्हणाले, तपासतो, सगळे आणून द्या. मी दिले. झेरॉक्सवाल्या बाईनं मूळ कागद देताना प्रती काढल्या नसतील, असं त्यांना वाटलं असेल तर तो त्यांचा भोळेपणा. माझा भोळेपणा दुसरा होता. मी प्रती सवयीनं काढल्या होत्या. संशय म्हणून नाही.

पुढं लातूरच्या एका कॉलेजात परिषद होती. तिथल्या शोधनिबंधांच्या पुस्तकाची पानं कॉम्प्युटरवर लावायचं काम माझ्याकडं आलं, माझा रेट कमी म्हणून. चौथा की पाचवा निबंध उघडला आणि माझा हात माऊसवर तसाच राहिला. माझा तक्ता. माझ्या दुकानांची यादी, त्याच क्रमानं. आणि मधोमध, इंग्रजीत, बोर्डावरच्या नावाचं आणि मशीनवरच्या बोटांचं अक्कांचं वाक्य. वर सरांचं नाव, त्याखाली त्यांच्या मुलीचं. मुलगी पुण्यात शिकते. उदगीरला ती गेली असेल तर कुणाच्या लग्नालाच.

मी प्रिंट काढून सरांच्या टेबलावर आपटली.

सर चिडले नाहीत. दार लावलं, चहा मागवला. म्हणाले, "परिषदेची तारीख जवळ आली होती, घाईत राहून गेलं. पुढच्या निबंधात तुमचं नाव टाकू."

"पुढच्या नाही, याच्यात. आणि पहिलं."

"मुलीचं काढतो. तुमचं दुसरं."

"पहिलं, सर."

बराच वेळ चाललं. शेवटी सर म्हणाले, "बरं, पहिलं. जबान देतो. समितीचं तेवढं होऊ द्या, तोवर बोलू नका." मी जिना उतरताना खुशीत होते. सौदा जिंकला म्हणून. चोरीचा भाव ठरवून आले आहे, हे डोक्यात आलंच नाही.

मग समितीचा तो दिवस आला. दोन हस्ताक्षरं, सरांचं हसणं, मॅडमचा रुमाल. मी उद्या बोलले असते, म्हणून सरांनी आजच माझी जबान नासवून ठेवली.

त्या बाकावर बसले होते तेव्हा सर बाहेर आले. हातात टाईप केलेला अर्ज. 'वैयक्तिक कारणास्तव मी माझी नोंदणी स्वेच्छेने मागे घेत आहे.'

"सही करा. विषय संपतो. नाहीतर चौकशी लागेल, दुकान जाईल. तुमच्या भल्याचं सांगतोय, ताई."

आणि मी काय केलं? खरं सांगते. मी भाव काढला. विचारलं, "सही केली तर काय देता?"

सरांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "पुढच्या वर्षी दुसऱ्या गाईडकडं सोय करतो. आणि आपलं डिपार्टमेंटचं काम कुठं जात नाही, आता पैसे देऊन. दोन विद्यार्थी आत्ताच आहेत, त्यांचे फॉर्म करायचेत."

आत खोटे फॉर्म भरणारी म्हणून मला हाकललं होतं. बाहेर येऊन तोच माणूस मला खोटे फॉर्म भरायला देत होता. मधे फक्त एक दार होतं.

मी म्हणाले, "नाही."

त्यांना वाटलं मी भाव वाढवते आहे. म्हणाले, निबंधात नाव टाकतो. नाही. पहिलं टाकतो. नाही. तुमच्या मुलीच्या अ‍ॅडमिशनचं बघतो. नाही. माणसाला नाही हा शब्दच ओळखू येईना. मी अर्ज त्यांच्या हातात परत दिला आणि घरी गेले.

मग मी स्वतःचा अर्ज टाईप केला. पहिल्या पानावर माझा गुन्हा. कुणाकुणाचे फॉर्म भरले, किती, कुठल्या विषयाचे, कुणाच्या फोनवरून. दुसऱ्या पानावर सरांचा, सोबत माझ्याकडच्या फॉर्मच्या प्रती. नवरा म्हणाला, "पहिलं पान काढ, स्वतःच्या पायावर कशाला धोंडा पाडून घेतीस?" ते पान काढलं असतं तर दुसऱ्या पानावर कुणी कशाला विश्वास ठेवावा?

उदगीरला जाऊन अक्कांना सगळं सांगितलं. अप्पा म्हणाले, "कशाला त्या भानगडीत पडतीस?" अक्का म्हणाल्या, "माझं अक्षर माझं हाय म्हनायला भानगड कसली?" आणि लिहून दिलं. लातूरच्या तिघींनी दिलं. दोघींनी नाही दिलं, घरातून परवानगी नव्हती. त्यांचं मी समजू शकते.

अर्ज संशोधन समितीच्या अध्यक्षांच्या नावानं आवक विभागात दिला आहे, शिक्का घेतला आहे. अजून कुणी बोलावलं नाही. कॉलेजातली गिऱ्हाइकं तुटली. तुटू देत. ते सहा पेन मी टाकून दिले.

माझ्यावर कारवाई करा. नोंदणी रद्द करायची तर करा, मी केलं ते केलं. पण सरांना त्याच टेबलापुढं उभं करा. यातल्या एका तरी दुकानात ते कधी गेले, कुणाशी बोलले, विचारा. माझ्याकडं विद्यार्थी कोण पाठवत होतं, विचारा. अध्यक्ष साहेब, तुम्ही हसला होतात, म्हणून हे तुम्हीच विचारायचं आहे. उत्तर लेखी पाहिजे, त्यांच्या सहीचं आणि तुमच्याही.