मालाजवळची माणसं

"पदर झटक."

मॅनेजर म्हणाला. मी झटकला.

"असा न्हाई. सगळा काढून झटक."

गोदामाच्या दारात दोन पांढरे खांब उभे होते, माणसाच्या उंचीचे. काम सुटलं की त्यांच्या मधून चालत बाहेर पडायचं. मी पडले आणि वरचा लाल दिवा लागला. मशीन ओरडायला लागलं. बाहेर अंगणात नव्या बॅचच्या पोरापोरींची रांग होती. त्यांना पुस्तकं आणि टॅबलेट वाटत होते. सगळी रांग वळून माझ्याकडं बघायला लागली.

मी माझी पिशवी फरशीवर उपडी केली. जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, हातरुमाल. दुसरं काही न्हाई. तरी मशीन ओरडतच होतं.

मॅनेजरनं माझा पदर धरला आणि ओढला. खांद्यावरची पिन तुटून पडली. मी दोन्ही हात छातीवर घेतले. "हात खाली," तो म्हणाला. मग त्यानं ते पिस्तुलासारखं यंत्र उचललं. रीडर म्हणतात त्याला. आम्ही बाया दिवसभर ते खोक्यांवरून फिरवायचो. त्यानं ते माझ्यावरून फिरवलं. गळ्यावरून, पोटावरून, कमरेवरून. खोक्यावरून फिरवतात तसंच.

"तुमच्या लोकांचं असंच. हात गप बसत न्हाईत," तो म्हणाला. हळू न्हाई म्हणाला. रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला.

माझ्या गळ्यात ओळखपत्र होतं. त्यावर आडनाव. कामाला लागले त्या दिवशीच त्यानं ते वाचलं होतं आणि विचारलं होतं, "गावात घर कुठल्या अंगाला?" मी सांगितलं होतं.

रीडर पायाशी वाजला. "पाय उचल." उचलला. चपलेच्या तळाला एक फाटका टॅग चिकटला होता. कुठल्यातरी खोक्यावरून निघून खाली पडलेला. त्यावर माझा पाय पडला असंल. त्यानं तो मलाच काढायला लावला. मी वाकून काढला. पदर अजून खालीच होता.

"ठीक आहे. जा," तो म्हणाला. आणि मी पिशवीत डबा भरत होते तेव्हा मागून, "उद्यापासून पॅकिंगच्या बायांनी चपला बाहेर काढून आत यायचं."

मी मान वर केली. रांगेत माझी पोरगी उभी होती. ज्योती. तिनं मला बघितलं आणि तोंड दुसरीकडं फिरवलं.

*

ते गोदाम लातूरच्या एका मोठ्या क्लासचं होतं. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं कुठून कुठून येतात. हिमायतनगरची, देगलूरची, पार तेलंगणातली. प्रत्येकाला बॅग, पुस्तकांचा संच, टॅबलेट. ते सगळं गोदामात यायचं आणि आम्ही बाया ते लावायचो, भरायचो, द्यायचो. आधी माल सापडायचा न्हाई. मग टॅग आले. कागदाएवढा पातळ चिकटपट्टीचा तुकडा, आत तारेची नक्षी आणि बारीक चिप. तो खोक्याला, बॅगेला, टॅबलेटला चिकटवायचा. मग खोकं बंद असलं, दहा खोक्यांच्या मागं असलं, तरी रीडर लांबून त्याला ओळखतो. कुठल्या कपाटात काय हाय ते ऑफिसात स्क्रीनवर दिसतं. न सांगता काही दाराबाहेर निघालं की खांब ओरडतात.

खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडलं होतं. हरवलेली वस्तू लांबून "मी इथं हाय" म्हणून सांगते, याचं नवल वाटायचं.

त्याच आठवड्यात, माझ्या आधी, बायोलॉजीच्या मॅडम गोदामातून गेल्या तेव्हाही खांब ओरडले होते. मॅनेजर खुर्चीवरून पळत आला. "सॉरी मॅडम, मशीन नवीन आहे, काहीही वाजतं." मॅडमनीच पर्समधून दोन पुस्तकं काढून दाखवली. दोघं हसले. मीही हसले होते, लांबून. तेव्हा मला त्यात काही दिसलं न्हाई.

ज्योती त्याच क्लासमध्ये अकरावीला होती. दहावीला तिला चांगले मार्क पडले, मी मालकांच्या पाया पडले, आणि कामगाराची पोरगी म्हणून तिला फी माफ झाली. म्हणून तिचं शिक्षण माझ्या नोकरीला बांधलेलं होतं. हे मला ठाऊक होतं. मॅनेजरला माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

मशीन ओरडलं त्या रात्री ती जेवली न्हाई. भिंतीकडं तोंड करून पडली. मी भाकरी झाकून ठेवली.

"आई, मी तोंड फिरवलं. तुला दिसलं का?"

"दिसलं."

"मग मार की मला."

मी मारलं न्हाई. मारावंसं वाटलं होतं, पण तिला न्हाई. कुणाला, ते तेव्हा नीट समजत नव्हतं.

"तू त्याला काहीच का बोलली न्हाईस?" तिनं विचारलं.

तिच्यासाठी, असं म्हणाले असते तर तिच्या डोक्यावर आयुष्यभराचं ओझं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी चपला बाहेर काढल्या. सगळ्या बायांनी काढल्या. ऑफिसातली माणसं बूट घालून ये-जा करत होती. त्यांच्या बुटांना टॅग चिकटत नव्हते जणू.

*

सिमेंटच्या गार फरशीवर अनवाणी उभी राहिले आणि मला बा आठवला.

आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. घर वेशीबाहेर. गावातल्या मोठ्या आळीतून जाताना बा चपला काढून हातात घ्यायचा. मी लहान असताना मला वाटायचं, चपला झिजू नयेत म्हणून घेतो.

भूकंप झाला तेव्हा गावातली दगडामातीची मोठी घरं बसली. माणसं आतच राहिली. आमची घरं कुडाची, वर पत्रा. पडली, पण अंगावर पडण्यासारखं त्यांच्यात काही नव्हतं. म्हणून आम्ही वाचलो. बा आणि आमच्या वस्तीची माणसं मोठ्या आळीत धावली. हातांनी दगड उपसले. बानं किती जणांना ओढून बाहेर काढलं. जिवंत थोडे, मेलेले जास्त. त्याची नखं गेली होती. आई त्याला घास भरवायची. त्या दिवसांत कुणी त्याला चपला कुठं हायत म्हणून विचारलं न्हाई. कुणाला शिवला, कुणाला न्हाई, तेही न्हाई.

मग मदतीच्या गाड्या आल्या. गावच्या माणसांच्या हातात घोंगड्या दिल्या. आमच्याकडं फेकल्या. एक माझ्या तोंडावर आली. मला त्या वयात तो खेळ वाटला. मी हसले. आई हसली न्हाई.

नवं गाव बसलं. सरळ रस्ते, एकसारखी घरं. आमची ओळ शेवटची. एक दिवस बाच्या मागून चालत होते तर त्यानं चपला काढून हातात घेतल्या.

"बा, इथं तर वेसच न्हाई."

"वेस न्हाई," बा म्हणाला. "माणसं तीच हायत."

ज्यांना त्यानं दगडाखालून काढलं होतं, त्यांच्याच दारावरून तो अनवाणी चालत होता.

हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं न्हाई. लाज वाटायची. बाची लाज वाटायची, हे आज सांगते. त्या फरशीवर उभी राहिले तेव्हा कळलं की लाज वाटून घ्यायची होती ती त्यानं न्हाई, मीही न्हाई.

*

तरी मी लगेच काही केलं न्हाई. ज्योतीचा क्लास चालू होता. ती दारात आपलं कार्ड लावायची, आणि माझ्या मोबाईलवर मेसेज यायचा की आपला पाल्य वर्गात पोहोचला. त्या एका मेसेजवर मी दिवस ढकलायचे.

मग एका सकाळी मॅनेजरनं आम्हा बायांना ओळीनं उभं केलं. टेबलावर रबरी पट्ट्या ठेवल्या होत्या, मनगटाला बांधायच्या. आत टॅग.

"माल कुठं आहे ते जसं स्क्रीनवर दिसतं, तसं आता तुम्हीही दिसाल," तो म्हणाला. "कोण कुठं उभं आहे, कोण संडासात किती वेळ बसतंय."

दोघीतिघी उगीच हसल्या. भीतीनं हसतात तसं. माझ्या शेजारी नजमाआपा होती, आमच्यातली सगळ्यात थोरली. तिनं हात पुढं केला. त्यानं पट्टी आवळली. आपा माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "क्या करते बाई, पोट हाय ना."

माझी पाळी आली.

"हे सगळ्यांना हाय का?" मी विचारलं.

"जे मालाजवळ असतात त्यांना."

"तुम्ही बी मालाजवळच असता. मॅडम बी येतात."

"हात पुढं कर."

बायांना माल म्हणणारे रस्त्यावर लई भेटतात. टॅग लावायला निघालेला हाच पहिला.

"मी न्हाई बांधणार," मी म्हणाले.

त्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"न्हाई बांधणार. आणि चपला बी काढणार न्हाई."

मी दारापर्यंत गेले. चपला घातल्या. परत आत आले, त्याच्या समोर उभी राहिले.

"पोरगी कुठं शिकतीय, आठवतंय ना?" तो म्हणाला. सगळ्यांसमोर.

"आठवतंय. म्हणूनच," मी म्हणाले.

"उद्यापासून येऊ नको," म्हणत तो मला दारापर्यंत सोडायला आला. मी खांबांमधून बाहेर पडले. वाजलं काहीच न्हाई.

*

दुसऱ्या दिवशी ज्योतीनं क्लासच्या दारात कार्ड लावलं. दार उघडलं न्हाई. मी मोबाईल हातात घेऊन बसले होते. मेसेज आला न्हाई. ती आली ती उन्हातून चालत, पाठीवर क्लासची बॅग. ती बॅगही परत मागितली होती, तिनं दिली नव्हती. "माझी पुस्तकं हायत त्यात," म्हणाली.

नवरा नांदेडला सेंट्रिंगच्या कामावर. फोनवर म्हणाला, "परत जा. माफी माग. पोरीचं वाटोळं करू नको." मी फोन ठेवला. त्याचं चुकत होतं असं मला म्हणता येत न्हाई. तोही तिचाच बाप हाय.

मी पोलीस ठाण्यात गेले. हवालदार म्हणाला, "चोरी सापडली का? न्हाई ना? मग तक्रार कशाची?"

"माझा पदर ओढला, त्याची."

"तपासणी केली त्यानं."

"मला जातीवरून बोलला, त्याची."

त्यानं पेन खाली ठेवलं. उद्या या म्हणाला. मी वस्तीतली माणसं घेऊन उद्या गेले. परवाही गेले. साहेब न्हाईत म्हणाले, तर साहेब येईपर्यंत पायरीवर बसले. ॲट्रॉसिटीची तक्रार अखेर घेतली.

साक्षीदार कोण, असं विचारलं. रांगेत एवढी माणसं होती. कुणीच यायला तयार न्हाई. एक नजमाआपा आली. मनगटावर पट्टी तशीच. ती अजून तिथंच कामाला होती. ठाण्यात पदर डोक्यावर घेऊन बसली आणि म्हणाली, "मैं देखी. त्यानं ओढला. तो काय बोलला ते बी सांगते, लिहून घ्या." महिन्याभरात तिलाही काढलं. मी तिच्या घरी गेले. तिनं चहा ठेवला.

ज्योतीला मुखेडला नणंदेकडं पाठवलं. तिथल्या कॉलेजात नाव घातलं. एकटीच्या बळावर अभ्यास करते. जमंल की न्हाई, मला माहीत न्हाई. सगळं चांगलं होईल असं मी तिला सांगत न्हाई. ती लहान न्हाई आता.

मी डाळमिलमध्ये निवडायला जाते. धूळ लई. खोकला लागलाय.

मागच्या महिन्यात क्लासकडून एक माणूस घरी आला. गोड बोलणारा. बाजेवर बसला, पाणी प्याला. ज्योतीची सीट परत देतो म्हणाला, बारावीपर्यंत. होस्टेलही देतो. केस तेवढी मागं घ्या.

"आणि मॅनेजर?"

"माफी मागतील ना. ऑफिसमध्ये बसून, शांतपणे."

"आत? खोलीत?"

"चारचौघांत कशाला ताई? तुमचीच बदनामी."

"ओढला तवा चारचौघं होते," मी म्हणाले.

तो उठला. जाताना दारात म्हणाला, "पोरीला विचारा तरी."

मी विचारलं. रात्री फोन केला, सगळं सांगितलं. सीट, होस्टेल, सगळं. तिला ती सीट हवी होती, ते मला तिच्या श्वासातून कळत होतं. मग म्हणाली, "तारखेला मी येऊ का?"

"ये," मी म्हणाले.

केस मी मागं घेणार न्हाई. तारीख पडंल तेवढ्यांदा जाणार. रोज बुडंल, बुडू दे. वकील विचारील तसं सांगणार, उलटंसुलटं विचारील तेव्हाही तेच सांगणार. नाव घेऊन, बोट दाखवून. त्यानं काय ओढलं, काय बोलला, कुणासमोर. हरले तर वरच्या कोर्टात जाईन. आवाज चढवायचा न्हाई. डोळे खाली करायचे न्हाईत. माझ्या पोरीला समोर बसवून सांगणार, आणि तिनं माझ्याकडं बघायचं.