पुढच्या गाडीत जावई

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि त्या उन्हाळ्यात अधिक महिना आला होता. अधिक महिन्यात आमच्याकडे जावयाला विष्णूचं रूप मानतात. मी साताऱ्याला कॉलेजात इतिहास शिकवत होतो. असल्या मानपानावर स्टाफरूममध्ये विनोद करायचो आणि बोलावणं आलं की इस्त्रीचा शर्ट घालून सासरवाडीला वेळेवर पोचायचो. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असं मला कधी वाटलं नव्हतं.

सासरवाडी कडेगावची, उसाची. पण त्या वेळचं जावयाचं जेवण मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेल्या सांगलीच्या घरात ठेवलं होतं, कारण इंजिनिअरिंगला असलेल्या धाकट्या मेहुणीची त्या रविवारी शर्यत होती. कुपवाडला एका फाउंड्रीवाल्यानं रिकाम्या प्लॉटवर डांबर ओतून, कडेनं जुने टायर रचून गो-कार्टचा ट्रॅक केला होता. पहिल्या येणाऱ्याला तो स्वखर्चानं पुण्याच्या मोठ्या शर्यतीला नेणार होता. मेहुणीला त्या वर्षी दुसरं काहीही नको होतं. परीक्षासुद्धा तिनं मधे आली म्हणून दिली.

आदल्या दिवशी तिनं हौसेनं मला एका गाडीत बसवलं. गाडी म्हणजे जमिनीला टेकलेली खुर्ची आणि कानामागं शेतातल्या पंपासारखं ओरडणारं इंजिन. गिअर नाहीत. उजव्या पायाखाली वेग, डाव्या पायाखाली ब्रेक, आणि दोन्ही पाय एकदम कधीच दाबायचे नाहीत.

"दाजी, स्टिअरिंग आवळू नका. म्हशीचं दावं न्हाई ते."

"बरं."

"ब्रेक वळणाच्या आधी, चाकं सरळ हायत तवा. वळणात मारला की मागची बाजू पुढं येती."

मी वळणात मारला. गाडी गर्रकन फिरली आणि मी तिच्याकडे तोंड करून थांबलो.

"बघा, आली," ती म्हणाली.

मग तिनं रेघ शिकवली. वळणात शिरताना बाहेरच्या कडेनं यायचं, मधोमध आतल्या टायरांना जवळजवळ घासायचं आणि सुटताना परत बाहेरच्या कडेला जायचं. म्हणजे वळण होतं त्यापेक्षा सरळ होतं आणि वेग लवकर देता येतो. नजर टायरांवर नाही, जिथं निघायचं तिथं. "टायरांकडं बघाल तर टायरांतच जाल." मी या विषयावरचं एक इंग्रजी मासिक वाचलं होतं. तेही तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

रविवारी ट्रॅकवर मांडव होता, लाऊडस्पीकर होता, गाड्यांना झेंडूचे हार आणि चाकांखाली लिंबं होती. सासरे ट्रॅकच्या मालकाला म्हणाले, "हे आमचं जावई. साताऱ्याला प्रोफेसर हायत."

"मग पाव्हण्यांना गाडीत बसवल्याबिगर कसं चालंल?" मालक म्हणाला.

मी नको म्हणालो. पंक्तीत जिलबी वाढताना म्हणतात तसं म्हणालो, त्यामुळे कुणी ऐकलं नाही.

शर्यत सुटताना कुणाची गाडी कुठं उभी राहणार, हे खरं तर आदल्या दिवशी फेरीला लागलेल्या वेळेवरून ठरलं होतं. पहिली जागा मेहुणीची होती. ती मोडून तिथं मला उभं केलं, कारण पहिली जागा मानाची. ती माझ्या मागं. तिच्या मागं सुट्टीवर आलेला एक फौजी आणि आणखी दोघं. मी मागं वळून पाहिलं, पण तिनं हेल्मेटची काच खाली ओढली होती.

सुरुवातीला मी फार छान गाडी चालवली. वळणं जमत होती, कुणी पुढं येत नव्हतं आणि आपल्यात हे कौशल्य इतकी वर्षं दडून होतं याचं मला माफक आश्चर्य वाटत होतं. मग तिच्या इंजिनाचा आवाज कानावर आला. वळणाआधी तो खाली यायचा, ते बरोबर होतं. पण वळण सुटल्यावर जिथं तो चढायला हवा तिथं तो दबून राहायचा. ती पाय उचलत होती.

जमिनीपासून चार बोटांवर बसलेल्या माणसाला लपायलाही जागा नसते. मी गाडी बाहेरच्या कडेला घेतली आणि हातानं खूण केली, जा. तीही माझ्यामागं कडेला आली. मी वेग कमी केला. तिनंही केला. शेवटच्या फेरीत सरळ पट्ट्यावर आम्ही दोघं इतके हळू चाललो होतो की सायकलवाला पुढं गेला असता. फौजी आमच्या कुणाचाच कुणी नव्हता. तो आतल्या बाजूनं निघून गेला आणि जिंकला. बाकीच्या दोघांच्या गाड्या आधीच टायरांत गेल्या होत्या.

फेटा तरीही मला बांधला. शाल, नारळ, फोटो. "पाव्हणं दुसरं आलं, काय कमी हाय का?" सासरे म्हणत होते. फौजीला टाळ्या मिळाल्या.

मी फेट्यासकट मेहुणीला टायरांपाशी गाठलं. "पुढं का गेली नाहीस? मी हात करत होतो."

"दिसला."

"तुझ्या आबांनी सांगितलं होतं का तसं?"

ती हो म्हणेल अशी माझी आशा होती. मग मला मानपानावर चिडता आलं असतं, आणि ते मला चांगलं जमतं.

"आबांनी काय न्हाई सांगितलं. कुणीच न्हाई." ती हेल्मेट पुसत होती. "तुमी पुढं होता. पाय आपसूक उचलला गेला. आन् तुमी गाडीत बसायलाच नको होतं, दाजी."

"मी मालकांशी बोलतो."

"काय बोलणार? तो फौजी बरोबर जिंकला की."

दुपारी जेवणाला माझ्या ताटाभोवती रांगोळी होती. पुरण भरलेले धोंडे, वर तूप. सासऱ्यांनी मेहुणीलाही पंक्तीला बसवलं होतं. "पोरगी दमलीया, आज वाढायला नको." पानं वाढून झाली आणि सगळे हात थांबले. जावयानं पहिला घास घेतल्याशिवाय कुणी जेवत नाही.

"सुरू करा की सगळे," मी म्हणालो.

"आधी तुमी, पाव्हणं."

ती माझ्या समोरच होती. हात ताटाच्या कडेला, नजर खाली. आज पहिला घास हिचा, एवढं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. अवघड नव्हतं. इतिहासाच्या तासाला याहून मोठी वाक्यं मी रोज बोलत होतो. सगळी पंगत माझ्याकडे बघत होती. मी धोंडा मोडला, तुपात बुडवला आणि खाल्ला.

मग तीही जेवायला लागली. सकाळपासून ती उपाशी होती.