ताईंनी आधी चाखायचं

वीणाताई गेल्याचा फोन आला तेव्हा बाबा जेवायला बसले होते. आईने 'कधी?' एवढंच विचारलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली. बाबांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी ताट पुढे सरकवलं आणि खिडकीकडे तोंड करून बसले. एरवी कुणी गेल्यावर घरात एक वेळचं जेवण राहिलं तर त्याचं कुणाला काही वाटत नाही. आमच्या घरात मात्र बाबांनी सरकवलेलं ताट दिसलं की आई आणि मी त्यातले उरलेले घास मोजतो. दुसऱ्या दिवशीही ते तसंच सरकलं, आणि त्यानंतरही. दोन घास घ्यायचे, 'बास' म्हणायचे… हेच ताट एकदा त्यांच्यापुढे परत आणून ठेवलं होतं, ते वीणाताईंनी. आता कोण आणणार?

मी काही लिहिणारी नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि वर्गात हात वर करायलाही मला अजून धीर होत नाही. पण दर शनिवारी आजाऱ्यांचे डबे घेऊन ताईंच्या सतरंजीवर जमणाऱ्यांमध्ये पानभर लिहायची सवय असलेली बहुतेक मीच, म्हणून हे धाडस.

आम्ही कांजूरमार्गला राहतो. आजोबा मालवणकडून गिरणीत आले, बाबा छापखान्यात लागले. बाबांच्या किडन्या निकामी झाल्या आणि डायलिसिस सुरू झालं, तेव्हा आईने घाबरून घरातलं सगळंच बंद केलं. मीठ कमी करायला सांगितलं होतं, तिने काढूनच टाकलं. मासे बंद, अंडी बंद, डाळीचं नुसतं वरचं पाणी. आधी डॉक्टरांनी जे जे कमी करायला सांगितलं होतं ते डायलिसिस लागल्यावर बदलतं, मासे-अंडी उलट खावी लागतात, हे आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. बाबा वाळत चालले. समोर बसून आम्ही दोघी म्हणायचो, 'छान झालंय, खा ना.' ते आमच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. सेंटरमधल्या सिस्टर एकदा आईला म्हणाल्या, 'असं अंग उतरत राहिलं तर डायलिसिस सोसणार नाही हो त्यांना. समाजमंदिरात शनिवारी एक आहारतज्ज्ञ ताई येतात, त्यांच्याकडे न्या.'

समाजमंदिराच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरलेली होती. साखरेचे, ब्लडप्रेशरचे, आमच्यासारखे किडनीचे असे सगळे आपापला डबा पुढ्यात घेऊन बसले होते. ताईंची पद्धतच होती तशी. घरी आजाऱ्यासाठी जे शिजवलं ते घेऊन यायचं. ताई आपल्या स्टीलच्या वाटीत त्यातलं चमचाभर घ्यायच्या, खायच्या आणि मगच बोलायच्या. 'जे मला गिळवत नाही ते मी दुसऱ्याला रोज खा म्हणून कसं सांगू?' असं त्या म्हणत.

त्यांनी आमचा डबा उघडला. दुधीची भाजी होती. एक घास खाल्ला, थांबल्या, आणि बाबांना म्हणाल्या, 'दादा, हे फार वाईट लागतंय हो.'

आईचा चेहरा पडला. पण बाबांनी मान वर केली. कितीतरी दिवसांनी कुणीतरी खरं बोललं होतं. ते म्हणाले, 'वायट? ताईनु, गवत बरा! गुरा तरी आवडीन खातत.'

ताई मूळच्या मुलुंडच्या. मालवणी त्यांना अर्धीच कळायची. माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'काय म्हणाले गं? तू माझ्या शेजारी बस, माझी दुभाषी.' त्या दिवसापासून दर शनिवारी मी त्यांच्या डाव्या हाताला बसू लागले. मला कुणी असं जवळ बसवून काम सांगितलेलं ते पहिलंच.

त्यांनी बाबांचे रिपोर्ट पाहिले, डॉक्टरांशी बोलल्या, आणि मग आईला विचारलं, 'वहिनी, तुमच्याकडे मीठ कमी असलं तरी जिभेला कळेल असं काय आहे?' आई हळूच म्हणाली, 'तिरफळं?' आम्ही माशाच्या कालवणात घालतो ते तिरफळ ताईंनी कधी चाखलंच नव्हतं. पुढच्या शनिवारी आईने बांगड्याचा तुकडा केला. तिरफळं, कोकमाचं आगळ, नावाला मीठ. ताईंनी वाटीत घेतलेलं तिरफळ चक्क चावलं आणि डोळे मोठे करून म्हणाल्या, 'अगं, जीभ झिणझिणतेय माझी!' बाबा इतके हसले की खोकला लागला. 'ता चावचा नाय ओ, वास घेवचो फक्त!' त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला. आई आत जाऊन रडली.

अडचणी संपल्या नव्हत्याच. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येताना कुणी रिकाम्या हाताने येत नाही, शहाळी आणतात. कांदिवलीच्या आत्याने तर पिशवी भरून आणली आणि एक फोडून बाबांच्या हातातच दिलं. शहाळ्यात पोटॅशियम फार, किडनी गेलेल्या बाबांना ते विषासारखं, आणि परत केलं तर आत्या जन्मभर बोलून दाखवणार. तिच्यासमोर मी काहीतरी पुटपुटत ते शहाळं काढून घेतलं. ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, 'नको कशाला म्हणायचं? प्रेमाने घ्यायचं आणि आणणाऱ्यालाच पाजायचं. उन्हातून आलेत ना बिचारे!' मग आमच्या घरी तोच रिवाज झाला. पुढच्या खेपेला आत्या दोन शहाळी पिऊन गेली आणि जाताना म्हणाली, 'दादाक भेटाक इला काय बरा वाटता बाय.'

बाबांचा न खायचा हट्ट परत कधी वर आला की ताई म्हणायच्या, 'दादा, चवीची वाट बघू नका. आधी चार घास, चव मागून येते.'

मग ताईच आजारी पडल्या. कॅन्सर होता. केमो सुरू झाली तरी काही शनिवार त्या आल्या, स्कार्फ बांधून. मग येणं थांबलं. आम्ही मुलुंडला त्यांना भेटायला गेलो. शहाळं न्यावं की नाही यावर आईबाबांचं घरातच भांडण झालं, शेवटी आईने उकड्या तांदळाची पेज नेली. ताईंनी उशीला टेकून एक चमचा घेतला आणि म्हणाल्या, 'झकास झालीय वहिनी.'

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'खोटा बोलू नकात ताईनु.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ताई हसल्या… आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. 'काही म्हणजे काही लागत नाहीये हो, दादा. पुठ्ठा चघळल्यासारखं वाटतं. घरात सगळे “छान आहे, खा” म्हणतात.'

'माका म्हायत आसा,' बाबा म्हणाले. 'चवीची वाट बघू नकात. आधी चार घास.'

त्यांनी वाटी संपवली. त्यांच्या मुलीने मला दारात सांगितलं, त्या आठवड्यात त्यांनी एवढं पहिल्यांदाच खाल्लं होतं. ती आमची शेवटची भेट.

त्या गेल्यानंतर समाजमंदिर काही शनिवार बंदच होतं. मग आईनेच सगळ्यांना फोन केले. बाबा यायला तयार नव्हते, 'थय जावन काय करूचा' म्हणाले, पण आले. सतरंजी अंथरली, डबे मांडले. कुणी झाकण उघडेना. ताईंची वाटी कपाटात वजनकाट्याशेजारी पालथी घातलेली होती. बाबा उठले, ती घेऊन आले, आणि माझ्या पुढ्यात ठेवली.

'बाय, चाख.'

मी कोण चाखणारी? मला त्यातलं काय कळतं? पण सगळे माझ्याकडे बघत होते. मी आमचा डबा उघडला. घाईघाईत केलेली भाजी होती, आईचं मन अजून ठिकाणावर नव्हतं. वाटीत चमचाभर घेतली, खाल्ली. 'छान आहे' अगदी ओठांवर आलं होतं…

'बाबा,' मी म्हटलं, 'फिकी आहे. काही लागत नाहीये.'

बाबांनी मान डोलावली. मग डबा आपल्याकडे ओढला आणि जेवायला लागले.