गनीभाईची आडवी पिंजण

राजूरहून मारेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर सायकल चालवायला एक तर अंगात हिंमत लागते, नाही तर दुसरा काही इलाज नसावा लागतो. आमच्या अब्दुल गनींच्या बाबतीत दोन्ही खरं होतं. ते कापूस पिंजणारे. माझ्या पिठाच्या गिरणीसमोरच त्यांचं घर, त्यामुळे त्यांचा रोजचा तमाशा मला फुकटात पाहायला मिळायचा.

आता गादी कोण पिंजून घेतं, असं तुम्हाला वाटेल. शहरात नसतील घेत. इकडे मारेगावच्या बाजूच्या खेड्यांत अजून लग्नाआधी गनीभाईंना निरोप जातो. ते जातात, जुन्या गाद्या उसवतात, दगडासारखा झालेला कापूस ओसरीवर पसरतात आणि पिंजणीने फुलवतात. पिंजण म्हणजे माणसाएवढी लांब लाकडी धनुकली, तिला ताणून बांधलेली तात, म्हणजे आतड्याची दोरी. ती सायकलवर न्यायची. त्यांचे वडील न्यायचे, चुलते न्यायचे, सगळे सायकलच्या दांडीला लागून उभी बांधायचे. गनीभाई मात्र ती आडवी बांधायचे. मागच्या कॅरिअरवर आडवी, तिचं एक टोक उजवीकडे रस्त्यावर चांगलं हातभर बाहेर, आणि त्या टोकाला रजईच्या खोळीची लाल चिंधी.

कारण एकच, कट. आमच्याकडे गाडीवाला सायकलवाल्याच्या अंगाला घासून पुढे निघाला की त्याला कट मारणं म्हणतात. कोळशाचे टिप्पर, दुधाच्या गाड्या, पोरांना कोंबून नेणाऱ्या जीपा, सगळे कट मारतात. डांबराची कड तुटलेली, खाली गिट्टी, त्याच्या खाली नाली. सायकलवाल्याने जायचं कुठे? "जागा कोणी देत नाई, मारोतीभाऊ," गनीभाई मला म्हणायचे. "मंग आपली आपन घ्या लागते."

या जागा घेण्यापायी त्यांची महिन्यातून एकदा तरी कोणाशी जुंपायचीच. एकदा एका पांढऱ्या गाडीचा आरसा त्या टोकाला लागून तडकला. गाडीवाला उतरला, चष्मा डोक्यावर चढवून ओरडायला लागला, "रस्ता काय तुह्या बापाचा हाय का?" गनीभाईंनी सायकल स्टँडवर लावली, शांतपणे टोपी नीट केली आणि म्हणाले, "अर्धा तुह्या बापाचा, अर्धा माह्या. तू माह्या बापाच्या हिश्श्यात आलता." चहाच्या टपरीवरची माणसं हसली म्हणून तो गाडीवाला आणखी चिडला. माझ्या मते चूक दोघांचीही होती, पण आरसा गेला त्याचा मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू?

आणि मग त्यांचा मुलगा तनवीर टिप्परवर ड्रायव्हर म्हणून लागला.

घरात बातमी आली तेव्हा रहमतभाभींनी, म्हणजे गनीभाईंच्या बायकोने, गल्लीत साखर वाटली. गनीभाईंनी ती तोंडात टाकली, पण त्यांना ती गोड लागली असेल असं मला वाटत नाही. तनवीर पोरगा कामाचा, निर्व्यसनी. मालकाला विचारून त्याने टिप्परच्या मागच्या फळीवर हिरव्या रंगात आपल्या लेकीचं नाव लिहून घेतलं, जेबा. एवढं मोठं की अर्ध्या मैलावरून वाचता यावं.

घरी ते आपल्या हिंदीत बोलायचे, भांडण मात्र माझ्या गिरणीत येऊन आमच्या बोलीत करायचे, बहुतेक मला पंच नेमल्यासारखं.

"अब्बा, ते लाकूड आडवं बांधनं सोडा," तनवीर म्हणायचा. "वर कॅबिनात बसून डाव्या बाजूचं काईच दिसत नाई. सायकल दिसली दिसली म्हनतो तं गायब."

"दिसत नाई तं हळू चालव ना."

"हळू? मागं लाईन लागलेली असते. वजनकाट्यावर उशीर झाला तं फेरी जाते. मालक फेऱ्या मोजते, सायकली नाई."

मी दळणाचा पट्टा चढवायचो, म्हणजे कोणाचंच काही ऐकू येऊ नये.

त्या दिवसांपासून त्या घराचा जीव टांगणीला लागला. आधी रहमतभाभींना एकाच माणसाची काळजी असायची, आता एकाच रस्त्यावर दोघांची. टिप्परचा आवाज आला की त्या हातातलं काम टाकून दारात यायच्या. आणि गनीभाईंना वेगळाच घोर लागला होता. स्वतःच्या मरणाला ते एवढे भीत नव्हते. "माह्या पोराच्या हातून कोनी जाऊ नये," ते मला म्हणाले होते. "बस. बाकी काई मागत नाई." मला ते ऐकवलं नाही. मी उगीच म्हणालो की तुमचा तनवीर सगळ्यांत चांगला ड्रायव्हर आहे.

थंडीतली सकाळ होती. धुकं आणि त्यात कोळशाची धूळ, म्हणजे आमच्याकडचं धुकं काळंच असतं. गनीभाई एका लग्नघरी निघाले होते. मागून टिप्पर आला, हॉर्न वाजला आणि त्याच क्षणी पिंजणीचं टोक टिप्परच्या बाजूला अडकलं. दूर ठेवण्यासाठी बाहेर काढलेलं ते लाकूडच त्यांना ओढून घेऊन गेलं. पिंजण मधोमध मोडली, सायकल फिरली आणि गनीभाई नालीत. उजवं मनगट मोडलं, कपाळ फुटलं. टिप्पर थांबला नाही.

शेतात जाणाऱ्या बायांनी त्यांना वर काढलं. लोक जमले, नंबर विचारायला लागले. गनीभाई म्हणाले, धुक्यात काही दिसलं नाही.

संध्याकाळी तनवीर दवाखान्यात आला तेव्हा मी तिथेच होतो. बापाचं प्लॅस्टर पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग तो भिंतीवर मुठी मारत ओरडायला लागला, "कोन होता तो? हात तोडतो त्याचे!" रहमतभाभी त्याला आवरत होत्या. गनीभाई छताकडे पाहत पडले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघेच असताना त्यांनी मला जवळ बोलावलं.

"मारोतीभाऊ, कोनाले बोलू नका. नालीतून मान वर केली तं मागची फळी दिसली. जेबा लिवलं होतं."

मी म्हणालो, "त्याला सांगा. आत्ताच्या आत्ता सांगा."

"सांगतलं तं पोरगा मोडन. त्यानं पायलं नसन, त्याले काई मालूम नाई. बापाले पाडलं म्हनून जलमभर जळत राहीन."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तं उद्या कोनाले तरी पाडन."

प्लॅस्टर होतं तोवर ते रोज माझ्या गिरणीच्या ओट्यावर येऊन बसायचे आणि रस्त्याकडे पाहायचे. टिप्पर आला की पाठ ताठ व्हायची. त्यावर जेबा दिसलं की ते दूरवर पाहून घ्यायचे, पुढे सायकल तर नाही ना. शाळेच्या पोरी रांगेने सायकलवर जाताना दिसल्या की ते उठून उभे राहायचे, जणू इथून हाक मारून तनवीरला थांबवता येणार होतं. मला त्यांचा राग यायचा. सांगत का नाही हा माणूस? आणि दुसऱ्या क्षणी वाटायचं, माझा मुलगा असता तर मी सांगितलं असतं का?

तनवीर बापाची सेवा मात्र मनापासून करायचा. स्वतः अंघोळ घालायचा, जेवण भरवायचा. पहिल्यासारखा बोलायचा नाही एवढंच. आम्हाला वाटलं, पोरगा बापाच्या दुखण्याने खचला.

प्लॅस्टर निघालं त्या आठवड्यात गनीभाईंनी सायकल पुसली. सुट्टीवर असलेल्या तनवीरला म्हणाले, "मारेगावले नवीन पिंजनीचं लाकूड पाहा लागते. चाल, मागं बस."

"मी चालवतो, अब्बा. तुमचा हात..."

"मागं बस म्हनलं ना."

पिंजण बांधायची त्या कॅरिअरवर तो धिप्पाड पोरगा बसला. दोघे गेले. माझ्या ध्यानात आलं, त्यांना त्याला काय दाखवायचं आहे ते. तोंडाने सांगवत नव्हतं म्हणून ते त्याला रस्त्यावर घेऊन गेले होते. मी दिवसभर चुकीची दळणं चुकीच्या डब्यांत भरत होतो. रहमतभाभी तीनदा येऊन विचारून गेल्या.

दिवस कलल्यावर गनीभाई परतले. एकटेच. सायकल हाताने ढकलत. ती त्यांनी ओट्याला टेकवली आणि आत येऊन ज्वारीच्या पोत्यावर बसले. मी गिरणी थांबवली.

"पहिला टिप्पर गेला तवा त्यानं माहा सदरा धरला," ते म्हणाले. "दुसरा गेला तवा दोन्ही हातानं कमर धरली. लहानपनी धरायचा तशी. तिसऱ्यानं कट मारला अन् तो उडी मारून खाली उतरला. रस्त्याच्या कडेले उकिडवा बसला. मी म्हनलं, आता सांगतो. तं तोच म्हने, अब्बा, मले मालूम हाय. मीच होतो."

मी पोत्याजवळ खाली बसलो.

"पयल्या दिसापासून मालूम होतं त्याले. आवाज आला होता. आरशात सायकल पडतानी पायली होती. पब्लिक मारन म्हनून थांबला नाई. दवाखान्यात आला तवा समजलं, कोन पडलं होतं ते."

मला आठवलं, दवाखान्यात एवढा आरडाओरडा करूनही गाडी कोणती होती हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

"रडला खूप," गनीभाई म्हणाले. "पाय धरले माहे. म्हने, अब्बा, तुमी हाय हे मालूम असतं तं मी थांबलो असतो. कसम खाल्ली. मी त्याले म्हनलं, मी नसतो तं?"

"मग?"

"काई बोलला नाई."

इतक्यात समोरच्या दारातून रहमतभाभी घाईने रस्ता ओलांडून आल्या. सायकलकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, मग मारेगावच्या दिशेला पाहिलं.

"तनवीर कुठं राह्यला?"

गनीभाईंनी दुखऱ्या मनगटावर दुसरा हात ठेवला.

"पोलीस ठान्यात हाय," ते म्हणाले. "मीच नेऊन बसवला."

रहमतभाभी दोघांच्या मध्ये उभ्या राहून आमच्या तोंडाकडे पाहत राहिल्या, आणि मी काही सांगेन म्हणून वाट पाहू लागल्या.